चौघडी, जातं आणि वही

श्रावण महिना होता. मावळातल्या एका गावात पावसानं तीन दिवस झड धरली होती. भाताची लावणी उरकून आठ दिवस झाले होते. बेणणीला अजून अवकाश होता. शेतात जायचं काम नव्हतं, आणि असतं तरी जाता आलं नसतं. ओढ्याला पाणी, वाटेवर पाणी. वीज परवा रात्रीच गेलेली.

असा दिवस आला की पुष्कळ घरांत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गडीमाणसं पांघरूण ओढून पडतात. बायका धुरात बसून चहावर चहा करतात. पोरं भांडतात. सांजेला सगळ्यांचंच डोकं दुखतं, आणि दिवस कुठं गेला ते कुणालाच सांगता येत नाही.

आपण ज्या घराची हकिगत वाचणार आहोत, ते घर काही निराळं नाही. घरात माणसं चार. एक आजी, पंचाहत्तरीच्या पुढची. तिचा मुलगा. सून. आणि पाचवीत शिकणारी नात. त्यांची नावं आपल्याला नकोत. आजी आणि सून एवढं म्हटलं तरी पुरे.

सून गेल्या हिवाळ्यात साक्षरता वर्गाला जात होती. तिला आता वाचता येतं. लिहिताही येतं, पण हळू. जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते. 'क्ष' तर ती अजून उलटा काढते आणि मग हसते.

सकाळची कामं सांगत बसत नाही. गोठा, शेण, धार, पाणी ही कामं पावसातही चुकत नाहीत, तुमची चुकत नाहीत तशीच. पडवीत दोन ठिकाणी गळत होतं. तिथं घमेलं आणि पातेलं ठेवलं. तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, परसातल्या कुर्डूची भाजी झाली. भाकऱ्या करताना सुनेच्या ध्यानात आलं, की पिठाचा डबा खडखडीत झाला आहे. गावात चक्की आहे. पण वीज नाही तर चक्की कसली फिरणार!

ती म्हणाली, "आत्याबाई, रातच्याला पीठ न्हाई."

आजी म्हणाली, "बघू दुपारच्याला. तू आधी लुगडं काढ."

हे लुगडं सुनेच्या आईचं होतं. आई दोन वर्षांपूर्वी वारली. भावानं नऊवारी सुती लुगडं बहिणीला दिलं. रंग हिरवा, काठ तांबडे. नेसून नेसून मऊ झालेलं, चार ठिकाणी विरलेलं. नेसायला उपयोगाचं नव्हतं, आणि टाकवत तर मुळीच नव्हतं. त्याची चौघडी शिवायची, असं उन्हाळ्यातच ठरलं होतं. म्हणून वैशाखाच्या उन्हात ते धुऊन, खळ काढून, दोन दिवस वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवलं होतं. हे लक्षात घ्या. पावसाळ्यात गोधडी शिवता येते, पण गोधडीचं कापड धुता येत नाही. दमट कापड आत शिवलं गेलं, तर महिन्याभरात त्याला बुरशी लागते आणि वास कधीच जात नाही.

चौघडी म्हणजे चार घड्यांची गोधडी. नावातच तिचं माप आहे. सुनेनं नातीची पाटी घेतली आणि हिशेब मांडला. तोही आपण पाहू.

लुगडं ९ वार. एका वाराचे ३ फूट. नऊ त्रिक २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या, म्हणजे २७ ला ४ नं भागलं. आले ६ फूट, उरले ३ फूट. ३ फुटांचे ३६ इंच. त्याला पुन्हा ४ नं भागलं, आले ९ इंच. म्हणजे चौघडीची लांबी ६ फूट ९ इंच. लुगड्याचा पन्हा सुमारे ४ फूट, ती तिची रुंदी. एका माणसाला पायापासून डोक्यापर्यंत अंगभर पुरेल एवढं पांघरूण एका लुगड्यात निघतं. नऊ वारांचं लुगडं असंच कुणी ठरवलेलं नसावं, असं आम्हाला कधी कधी वाटतं. नेसून झालं तरी त्याचं पांघरूण बरोबर होतं.

आता शिवणं. माजघरातली जमीन कोरडी होती. ती झाडून, तिच्यावर चटई घालून लुगड्याच्या चार घड्या एकावर एक पसरल्या. चार कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा, वरवंटा, उखळातली मुसळी आणि नातीचं दप्तर ठेवलं. मग आजीनं दोन्ही तळहातांनी मधून कडेकडे सुरकुत्या सारल्या. हे काम आजी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. तिचं म्हणणं, "गोधडी हातानं न्हाई बिघडत, घाईनं बिघडते."

विरलेल्या जागा आधी झाकायच्या. त्यासाठी ठिगळं लागतात. सुनेनं नातीचा जुना फ्रॉक, मालकांचा फाटका सदरा, उशीचा अभ्रा असे सुती तुकडे निवडले. एक चकचकीत साडीचा तुकडा होता, तो नातीला फार आवडला होता. पण आजीनं तो बाजूला टाकला. तिचं बरोबर होतं. नायलॉनचं कापड घाम टिपत नाही, सुईखाली सरकतं, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. पांघरुणाला सूतच चांगलं.

चार ठिगळं झाली. तेवढ्यात आजी उठली. तिनं आपल्या पेटीतून एक पुरचुंडी आणली. आत तांबड्या खणाचा तळहाताएवढा तुकडा होता, फार जुना.

"हा ह्या कोपऱ्याला लाव," ती म्हणाली.

"तिथं फाटलेलं न्हाई, आत्याबाई."

"असू दे. लाव."

सुनेनं लावला. काही विचारलं नाही.

ठिगळं झाल्यावर कच्चे टाके. एकेक टाका वीतभर लांब, आडवे आणि उभे. हे टाके शेवटी उसवून टाकायचे असतात, म्हणून पुष्कळ जणी ते घालायचा कंटाळा करतात. तिथंच फसतात. आपल्याकडे गोधडी कडेनं सुरू करतात आणि चौकोनी फेऱ्या घालीत घालीत मधे येतात. कच्चे टाके नसले, तर प्रत्येक फेरीबरोबर थोडं थोडं कापड आत ढकललं जातं. शेवटी सगळी चूण मधोमध गोळा होते. मग ती पाठीला बोचते, आणि उसवल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

दोन फेऱ्यांत अंतर किती? अंगठ्याच्या रुंदीचं, म्हणजे इंचभर. त्यावरून सुनेनं आणखी एक हिशेब केला. हा तिला कुणी सांगितला नव्हता. तिचा तिनंच केला. चौघडी ४८ इंच रुंद. इंचाला एक ओळ, म्हणजे ४८ ओळी. प्रत्येक ओळ ८१ इंच लांब. ४८ गुणिले ८१, झाले ३,८८८ इंच. एका इंचात दोन टाके. म्हणजे ७,७७६ टाके! फेऱ्या घातल्या काय किंवा सरळ ओळी घातल्या काय, फरक थोडाच पडतो.

नात म्हणाली, "बापरे!"

आजी म्हणाली, "मी अशा किती शिवल्या, कुनी मोजलं?"

दोरा किती लागेल? ३,८८८ इंच म्हणजे ३२४ फूट, म्हणजे १०८ वार. दोरा दुहेरी घ्यायचा, तर २१६ वार. गाठी आणि वरखाली जाणारा दोरा धरून अडीचशे वार धरावा. बाजारात जाताना हे ठाऊक असलं, म्हणजे दोरा अर्ध्यात संपून दुसऱ्या रंगाचा लावावा लागत नाही. एवढे टाके एका दिवसात होत नाहीत, हे उघड आहे. रोज दोन तास काढले, तर आठ-दहा दिवसांत चौघडी होते. त्या दिवशी दोघींच्या मिळून कडेच्या तीन फेऱ्या झाल्या. उजेड होता तो दाराशी, म्हणून चौघडीचा कोपरा उंबऱ्यापर्यंत ओढून घेतला होता. सुई ओवून द्यायचं काम नातीचं.

चार पातळ घड्यांना ऊब कुठून येते, असं नातीनं विचारलं. प्रश्न चांगला आहे. ऊब कापडात नसते, ती आपल्या अंगात असते. दोन घड्यांच्या मधे थोडी हवा कोंडून राहते. त्या कोंडलेल्या हवेतून अंगाची ऊब लवकर बाहेर जात नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ घड्या बऱ्या.

मालक तिकडे पडवीत बसले होते. त्यांच्यापुढं युरियाची मोकळी पोती होती. पोत्याचे उभे धागे ते ओढून काढीत होते आणि तीन पदरी दावं वळीत होते. पूर्वी हेच दावं अंबाडीच्या वाखाचं वळायचे. ते हाताला मऊ असतं, पण पावसात कुजतं. प्लॅस्टिकच्या धाग्याचं कुजत नाही, मात्र जनावराच्या मानेला घासतं. म्हणून गळ्यापुरतं त्यावर सुती चिंधी गुंडाळतात. दुपारपर्यंत दोन दावी झाली. मालक बोलत मात्र नव्हते. त्यांचा स्वभावच तसा.

आता दुपार. पिठाचा प्रश्न राहिला होता.

माजघराच्या कोपऱ्यात जातं होतं. दोन वर्षांपूर्वी घरात पुतण्याचं लग्न झालं, तेव्हा हळद दळायला म्हणून त्याला टाकी लावून घेतली होती. त्यानंतर त्यावर नातीचे कपडे पडायचे. सुनेनं कपडे उचलले, दगड पुसले, खुंटा ठोकून घट्ट केला. सुपात चार शेर नाचणी घेतली. दोघी समोरासमोर बसल्या. सून ओढायला आणि आजी वैरायला.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. सुनेनं साक्षरता वर्गात वही घेतली, तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, "घरातल्या म्हाताऱ्या माणसांना येतात त्या ओव्या लिहून आणा." सुनेला ते फार आवडलं. ती महिनाभर आजीच्या मागं लागली. पण आजीला काही सांगता येईना. ती म्हणे, "बसून न्हाई येत गं. लई होत्या. गेल्या." सुनेला वाटलं, आजी विसरली. वहीत एक तारीख तेवढी लिहिलेली राहिली.

जात्याची घरघर सुरू झाली. चार फेरे झाले, दहा झाले. आजीनं पहिली मूठ वैरली, दुसरी वैरली. आणि तिच्या तोंडून ओवी आली. तिच्यामागून दुसरी आली. मग थांबेचनात. मुलखाच्या, माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या. आजी सुपाकडे बघत होती, सुनेकडे नाही. बोलताना तिचा आवाज कापतो, तो आता कापत नव्हता.

सुनेनं हात थांबवला आणि ती वही आणायला धावली. परत येऊन म्हणाली, "हां, आत्याबाई, आता सांगा."

आजी गप्प. जातं थांबलं होतं, ओवीही थांबली.

तुम्हाला यातली अडचण कळली असेल. ओवी आजीच्या डोक्यात नव्हती, हातात होती. हात फिरला की ती यायची. आणि सुनेला दोन्ही हातांनी जातं ओढायचं, तर लिहायचं कुठल्या हातानं?

नातीला खुंट्याला बसवलं. आजी आणि नात दळायला लागल्या. सून वही घेऊन शेजारी बसली. पण आजीची ओवी धावत जाई आणि सुनेची पेन्सिल लंगडत जाई. पहिल्या ओवीचे चार शब्द लिहून होईतो तिसरी ओवी आलेली असे. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस जे मिळत नव्हतं ते समोर सांडत होतं, आणि तिला गोळा करता येत नव्हतं.

मग तिनं एक युक्ती केली. पूर्ण ओवी लिहायची नाहीच. प्रत्येक ओवीचा पहिला शब्द आणि शेवटचा शब्द, एवढेच लिहायचे. मधे चार बोटं जागा सोडायची. असं तिनं भराभर केलं. तास-सव्वातासात नाचणी संपली, तेव्हा वहीत २३ ओव्यांचे पहिले आणि शेवटचे शब्द होते. रात्री जेवणं झाल्यावर तिनं आजीला पहिला शब्द वाचून दाखवला. आजी पुढची सगळी ओवी बोलली. पहिलं टोक हातात दिलं, की आजीला सगळा दोरा ओढून काढता येत होता. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस ओव्या, उखाणे किंवा जुनी गाणी म्हणत असेल, आणि तुमचा हात अजून हळू चालत असेल, तर ही युक्ती करून बघा. फोनवर आवाज भरून घेता येत असेल तर तोही घ्यावा. त्या दिवशी त्या घरातला फोन विजेवाचून बंद पडला होता. पेन्सिलीला वीज लागत नाही.

लिहिताना सुनेला एक शंका आली होती. आजी 'न्हाई' म्हणते, पुस्तकात 'नाही' असतं. लिहायचं काय?

याचं उत्तर देण्यासाठी आपल्याला थोडं दूर, खानदेशात जावं लागेल. जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. तिथं १८८० साली बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला. त्या शेतकरी घरातल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचीत. चुलीवर, जात्यावर, नांगरावर, पिकावर, सासर-माहेरावर. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी होते. घरच्या माणसांनी ती गाणी ऐकून टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपानं निघाली, आणि सारा महाराष्ट्र ती वाचू लागला. आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. ती गाणी छापताना त्यांची बोली कुणी बदलली नाही. जसं त्या बोलत, तसंच ते छापलं. बोली पुसून टाकली असती, तर गाणंही पुसलं गेलं असतं. तेव्हा आजी 'न्हाई' म्हणत असेल तर 'न्हाई'च लिहावं. अर्ज लिहायचा असेल तेव्हा 'नाही' लिहावं. दोन्ही आपलेच शब्द आहेत.

आणि हेही ध्यानात घ्या, की बहिणाबाईंची जी गाणी कुणी टिपली, तेवढीच आपल्याला मिळाली.

पुण्याला हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटविन या दोघांनी आपल्या सोबत्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, आणि ओव्या एक लाखाहून अधिक! पुष्कळशा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या, मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यांतल्या. त्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गावात चक्की आली, ही वाईट गोष्ट झाली असं कुणी म्हणू नये. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारा, ती चक्कीला हात जोडील. पण चक्कीनं दळणाबरोबर ओवीही नेली, हे खरं.

लक्ष्मीबाई टिळकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या लग्न झाल्यावर लिहा-वाचायला शिकल्या. पुढं त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या, 'स्मृतिचित्रे' या नावानं. त्यांत घरातली भांडणं आहेत, फजिती आहे, स्वयंपाक आहे, हसणं आहे. मोठी मोठी माणसं आजही ते पुस्तक आवडीनं वाचतात. लिहायला उशिरा शिकलं म्हणून लिहिणं हलकं होत नाही.

आता पुस्तक थोडा वेळ पालथं ठेवा. तुमच्या घरातली एक वस्तू आठवा. गोधडी असेल, विळी असेल, बापाची काठी असेल. ती कुणाची होती, कुठून आली, तिला काय झालं, हे पाच ओळींत लिहा. चूक झाली तर खोडा, फाडू नका. खाली तारीख आणि गावाचं नाव घाला. लिहून झालं की पुढं वाचा.

रात्रीची गोष्ट राहिली आहे.

चिमणी लावून दोघी बसल्या होत्या. नाचणीच्या ताज्या पिठाच्या भाकऱ्या झाल्या होत्या. मालकांनी एक जास्त खाल्ली, पण बोलले काही नाहीत. सून एकेक पहिला शब्द वाचत होती, आजी ओवी पुरी करत होती, सून मधली जागा भरत होती. सोळा झाल्या. सतरावीचा पहिला शब्द सुनेनं वाचला.

आजी थांबली. म्हणाली, "ही नगं लिवू."

"का हो, आत्याबाई?"

"नगं म्हनते ना."

सुनेनं ती जागा तशीच मोकळी सोडली. पहिला शब्द खोडला मात्र नाही. पुढच्या सहा ओव्या लिहिल्या. मग तिनं वहीचं पान उलटलं आणि आपलं आपण काहीतरी लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. खोडलं, पुन्हा लिहिलं.

आजीनं विचारलं, "आता काय लिवतीस? मी तर काय बोलले न्हाई."

"माझं आहे," सून लाजून म्हणाली. "दुपारी शिवताना सुचलं होतं."

"वाच की मग."

सुनेनं वाचलं :

जुन्या लुगड्याचं सूत, टाक्या-टाक्यात ओविलं
माय गेली, तिचं ऊन पांघरुणात ठेविलं

आजी काही बोलली नाही. पाऊस कौलांवर वाजत होता. घमेल्यात थेंब पडत होते. नात झोपली होती, तिच्या अंगावर अर्धवट चौघडीचा कोपरा होता. तोच तांबड्या खणाचा कोपरा. आजीनं त्यावरून हात फिरवला.

"तिचं झबलं व्हतं हे," ती म्हणाली. "माझ्या पैल्या लेकीचं. ह्याच्या आधीची. दीड वर्साची झाली, आन् पावसाळ्यात जुलाब लागलं. वडा भरला व्हता. डॉक्टरकडं न्यायला वाट नव्हती."

सुनेला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पडवीच्या दाराशी मालक उभे होते. त्यांनाही आपल्याला थोरली बहीण होती एवढंच ठाऊक होतं.

वाचकहो, इथं एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती या हकिगतीत बसते. लहान मुलाला जुलाब लागले, तर त्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ निघून जातं. तेच जिवावर बेततं. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटं मिळतात. ती जवळ नसतील तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं. चमचा चहाचा, लहान. मीठ जास्त घालू नये. हे पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजत राहावं, अंगावरचं दूध बंद करू नये, आणि दवाखान्यात नेण्याची खटपट करावी. आजीच्या तरुणपणी तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. सुनेनं हे वर्गातल्या पुस्तकात वाचलं होतं. तिनं ते कृतीसकट वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलं आहे.

आजी थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्या आईचं तू लिवलंस."

"हो."

"मग ती सतरावी कुठं हाय?"

सुनेनं पान उलटलं. मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. आजीला वाचता येत नव्हतं. पण पहिला शब्द कुठं, शेवटचा कुठं, आणि मधे किती जागा आहे, ते तिनं बोटानं चाचपून पाहिलं.

"एवढ्यात मावंल?" तिनं विचारलं.

"मावेल. नाहीतर दुसरं पान घेऊ."

आजी बोलायला लागली. जातं नव्हतं, तरी तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. ती ओवी आम्ही इथं छापत नाही. ती त्या घरची आहे.

सून लिहीत होती, पण पेन्सिल बोथट झाली होती आणि अक्षर उमटेना. मालक दारातून आत आले. त्यांनी पेन्सिल मागून घेतली, कोनाड्यातला कोयता काढला, आणि चिमणीच्या उजेडात बसून तिला चांगलं लांब टोक काढून दिलं.